एल्क हंटचं प्लॅनिंग उलट्या टोकाकडून: ॲरिझोनाचं वाळवंट, वरचे डोंगर आणि पाठीवरचं ओझं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी सगळं तसंच आहे.

मागे एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की मी फिनिक्सजवळ राहतो, दिवसभर कोड लिहितो आणि दर वर्षी काही दिवस एल्कच्या मागे डोंगरात जातो. त्यावर इतके मेसेज आले की वेगळा भाग करायचं ठरवलं. काहींना प्रोसेस जाणून घ्यायची होती. काहींनी सरळच विचारलं, ‘अरे, हरणं कसली मारतोस?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी दुसरा घेतो.

एल्क म्हणजे काय, आणि मारायचा कशाला?

एल्क हे हरणाच्या कुळातलं मोठं जनावर. पूर्ण वाढलेला नर, म्हणजे बुल, ३०० किलोच्या पुढे जातो. मादीला काउ म्हणतात, ती साधारण सव्वादोनशे किलोची. आपलं मोठं सांबर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल हा एल्कचा जवळचा नातेवाईक.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे जंगल किती उरलंय आणि माणसं किती आहेत ते बघा. अमेरिकेच्या पश्चिमेकडे गणित वेगळं आहे. ॲरिझोनात मूळचा एल्क १९००च्या आसपास संपला होता. १९१३ साली यलोस्टोनमधून ८३ एल्क आणून शेवलॉन क्रीकजवळ सोडले. आज राज्यात ते हजारोंच्या संख्येने आहेत. किती मारायचे, कुठे आणि कधी, हे दर वर्षी राज्याचं गेम अँड फिश खातं ठरवतं. वन्यजीवांच्या कामाचा मोठा खर्च लायसन्सच्या फीमधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून निघतो. त्या कराचा कायदा १९३७चा, पिटमन-रॉबर्टसन ॲक्ट.

हे सगळं पटलं तरी ‘मला स्वतःला ते करायचंय का’ हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर एवढंच: मी मांस खातो, आणि वर्षातून एकदा तरी ते कुठून येतं याची पूर्ण जबाबदारी घ्यावी असं मला वाटतं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. आजचा भाग त्या जबाबदारीचाच आहे, कारण प्लॅनिंग चुकलं तर शंभर किलो मांस उन्हात सडतं, आणि मग त्या जनावराच्या मरणाला काही अर्थच राहत नाही.

आधी भूगोल: एका दिवसात दोन ऋतू

फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर. सप्टेंबरमध्ये दुपारी ४० अंश, आजूबाजूला सग्वारो निवडुंग. हायवे ८७ धरून ईशान्येला निघालं की सग्वारो मागे पडतात, झुडपं लागतात, मग जुनिपर. दीडेक तासात पेसन गाव येतं, उंची सुमारे १,५०० मीटर. तिथून पुढे एक प्रचंड कडा उभा राहतो, त्याचं नाव मोगियॉन रिम. सह्याद्रीची धार आठवा: खाली कोकण, वर देश. तसंच, फक्त इथे खाली वाळवंट आणि वर २,१०० ते २,४०० मीटरवर पाँडेरोसा पाइनचं जंगल.

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे फिनिक्स आणि रिम यांच्यात तेरा-चौदा अंशांचा फरक. सकाळी कॅम्पमध्ये जॅकेट घालून चहा प्यायचा आणि दुपारी जुनिपरमध्ये घामाघूम व्हायचं. एल्क दोन्हीकडे राहतो. रिमवर तर आहेच, पण खालच्या जुनिपरमध्ये, खडकाळ कॅन्यनमध्येही उतरतो. युनिट २२ म्हणून जो भाग आहे त्यात एका टोकाला सग्वारो आणि दुसऱ्या टोकाला पाइन आहेत. अशा मिश्र मुलखाचं प्लॅनिंग निव्वळ डोंगरापेक्षा अवघड असतं, कारण पाणी, उष्णता आणि चढ यांचा हिशोब एकाच वेळी करावा लागतो.

टॅगची लॉटरी: इंजिनिअर मंडळींसाठी खास

दुकानात जाऊन एल्कचा परवाना मिळत नाही. आधी हंटिंग लायसन्स, मग टॅगसाठी अर्ज. अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, नेमकी तारीख त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. अर्जात पाच पसंती देता येतात. प्रत्येक पसंती म्हणजे एक हंट नंबर: कुठलं युनिट, कुठल्या तारखा, कुठलं शस्त्र, नर की मादी.

आता अल्गोरिदम. कॉम्प्युटर तुमच्या अर्जाला एक रँडम आकडा देतो. आधीच्या वर्षांत टॅग लागला नसेल तर बोनस पॉइंट साठतात, आणि प्रत्येक पॉइंटमागे आणखी एक आकडा मिळतो. त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा, आणि लहान आकडेवाल्यांचा नंबर आधी. थोडक्यात, मिनिमम ऑफ एन प्लस वन.

समजा एका हंटसाठी कटऑफ असा आहे की एका आकड्याला लागायची शक्यता ५ टक्के. शून्य पॉइंट असतील तर ५ टक्के. पाच पॉइंट असतील तर सहा आकडे: ०.९५चा सहावा घात ०.७३५, म्हणजे लागायची शक्यता साधारण २६ टक्के. दहा पॉइंटांना ४३ टक्के. पॉइंट वाढतात तशी शक्यता वाढते, पण खात्री कधीच होत नाही. याशिवाय २० टक्के टॅग सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांसाठी पहिल्या फेरीत राखलेले असतात. राज्याबाहेरच्यांना प्रत्येक हंटमध्ये जास्तीत जास्त १० टक्के. रेसिडेंट ठरायला अर्जाआधी सहा महिने ॲरिझोना हेच तुमचं कायमचं घर असावं लागतं, आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन व्यावहारिक गोष्टी:

१. सप्टेंबरमधला बुल हंट, जेव्हा नर माजावर असतात आणि शिट्टीसारखी आरोळी ठोकतात, सगळ्यांनाच हवा असतो. तिथे वर्षानुवर्षं थांबायची तयारी ठेवा.

२. काउ टॅग तुलनेने लवकर लागतो, आणि मांस खायचं असेल तर काउसारखं दुसरं नाही. दर वर्षी ३० टक्के शक्यता धरली तरी तीन वर्षांत एकदा लागायची शक्यता ६५ टक्क्यांच्या वर जाते.

३. हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. त्याचा एक कायमचा बोनस पॉइंट मिळतो. पॉइंट सोडा, बंदूक हाताळायची शिस्त तिथे शिकवतात, ती जास्त महत्त्वाची.

चार जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो, पॉइंटांची सरासरी धरली जाते. लागला तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही.

प्लॅन शेवटाकडून सुरू करा

टॅग लागला की बहुतेक नवे लोक विचारतात, ‘एल्क कुठे सापडेल?’ मी आधी विचारतो, ‘पडला तर तिथून बाहेर कसा काढणार?’ डेडलाइनवरून मागे मागे येत काम ठरवतो ना आपण, तसंच.

३०० किलोच्या बुलमधून हाडं काढून साधारण ९० ते १०० किलो मांस निघतं. डोंगरात माणूस पाठीवर २५ किलो नीट नेऊ शकतो. म्हणजे चार खेपा. गाडी तीन किलोमीटरवर असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर पहिली खेप ३ किलोमीटर, पुढच्या तीन खेपा जाऊन-येऊन ६ किलोमीटर प्रत्येकी. एकूण २१ किलोमीटर, त्यातले १२ ओझ्यासह. दोघं असाल तर प्रत्येकी ९ किलोमीटर. तिघं-चौघं असाल तर काम निम्म्याहून हलकं. मी पहिली दोन वर्षं टॅगशिवाय, निव्वळ हमाल म्हणून गेलो होतो, ऑफिसमधल्या मित्रांबरोबर. नव्या माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही. आतकरवाडीतून सिंहगड चढलेल्यांनी कल्पना करा, तसाच चढ, पाठीवर २५ किलो, आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी मिळणार नाही. उलट परत खाली जायचंय.

म्हणून नकाशावर पहिली रेषा मी रस्त्यापासून आखतो. जनावर रस्त्याच्या वरच्या अंगाला असेल तर ओझं उतारावर येतं. कॅन्यनच्या तळाशी असेल तर प्रत्येक किलो वर चढवावा लागतो. नकाशावर एक किलोमीटर दिसतो, पण कंटूर रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्याला दोन तास लागतात.

दुसरी रेषा उष्णतेची. जनावराच्या अंगातली उष्णता कातड्याखाली कोंडून राहते. मांडीच्या जाड मांसात, खुब्याच्या हाडाजवळ ती सगळ्यात उशिरा निघते आणि मांस आधी तिथेच बिघडतं. त्यामुळे क्रम ठरलेला: टॅग लावायचा, लगेच कातडं काढायचं, चारही पाय वेगळे करायचे, जाड ठिकाणी हाडापर्यंत चीर द्यायची, कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, आत वाफ धरते. बुल किंवा काउ असल्याचा पुरावा नियमाप्रमाणे मांसाला राहू द्यायचा. गाडीत मोठे कूलर आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या घरूनच न्यायच्या. खायचं मांस वाया घालवणं हा ॲरिझोनात गुन्हाही आहे.

यातून माझे दोन नियम निघालेत. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघंच असू तर रस्त्यापासून अडीच किलोमीटरच्या आतच शिकार करायची. नोव्हेंबरच्या शेवटी, रात्री शून्याखाली जात असेल तर पाच किलोमीटर चालतील. आणि गरमीच्या दिवसांत संध्याकाळची शिकार सोपी पडते, कारण समोर अख्खी थंड रात्र असते. सकाळी आठला पडलेल्या जनावरासमोर चढती दुपार असते.

मग जनावर कुठे असेल?

वर्तुळ आखून झालं की त्याच्या आत शोधायचं. सप्टेंबरमध्ये तीन शब्द लक्षात ठेवा: पाणी, सावली, वारा.

पाणी: गुरांसाठी बांधलेली मातीची तळी सगळीकडे आहेत, इथे त्यांना टँक म्हणतात. नकाशावर दहा दिसतील, पण ओली किती हे जाऊनच बघावं लागतं. कडेला ताजे खूर आणि चिखलात लोळल्याच्या खुणा बघा. इथे मॉन्सून म्हणतात तो १५ जून ते ३० सप्टेंबर. हो, शब्द तोच, पाऊस मात्र आपल्या आषाढासारखा धो-धो नाही, विजांसह येणाऱ्या सरींचा. तो चांगला झाला तर पाणी सगळीकडे असतं आणि एल्क पांगतात. कोरडा गेला तर ओलं टँक सोन्यासारखं. एक कायदा माहीत हवा: रानातल्या प्राण्यांची वाट अडेल असा कॅम्प पाण्यापासून पाव मैलाच्या आत टाकायला मनाई आहे.

सावली: दुपारी एल्क उत्तरेकडच्या उतारावर, दाट झाडीत बसून राहतात. थंडीत उलटं, सकाळी दक्षिणेकडच्या उतारावर ऊन खात चरताना दिसतात.

वारा: एल्कचं नाक भयंकर तीक्ष्ण. सकाळी ऊन पडेपर्यंत थंड हवा दरीतून खाली वाहते, उतार तापला की वर. संध्याकाळी पुन्हा खाली. त्यामुळे पहाटे खालून वर आणि उशिरा सकाळी वरून खाली जायचं, म्हणजे तुमचा वास मागे राहतो.

माज संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात मोठे बुल एकटे किंवा दोन-तीनच्या घोळक्यात सगळ्यात खडबडीत कॅन्यनमध्ये जाऊन बसतात. तेव्हा पायपीट कमी आणि दुर्बीण जास्त. ट्रायपॉडवर दुर्बीण लावून समोरचा उतार फूट-फूट वाचायचा. पहिले दोन तास काहीच दिसत नाही, मग एक फांदी कान हलवते.

फोनवरची तयारी

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवरच वाचताय, म्हणून हा भाग नीट वाचा.

ऑनएक्स हंट किंवा गाया जीपीएससारख्या ॲपवर नकाशे घरच्या वायफायवर डाउनलोड करा. सॅटेलाइट आणि टोपो, दोन्ही. कॅन्यनमध्ये नेटवर्क नसतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते. थंडीत फोन आतल्या खिशात ठेवा.

जमीन कोणाची हे बघा. टोंटो नॅशनल फॉरेस्ट सरकारी आहे, तिथे चालतं. पूर्वेकडे व्हाइट माउंटन अपाची आणि सॅन कार्लोस अपाची लोकांची स्वतःची भूमी आहे, तिथे त्यांचे नियम आणि त्यांचे परवाने, राज्याचा टॅग चालत नाही. वाइल्डरनेसच्या हद्दीत गाडी तर नाहीच, चाकाची ढकलगाडीसुद्धा नेता येत नाही. मॅटाझल वाइल्डरनेसमध्ये मग पाठ नाही तर खेचर, दोनच पर्याय. जंगलातल्या कुठल्या रस्त्यावर गाडी चालते त्याचा वेगळा नकाशा फॉरेस्ट सर्व्हिस काढते, तोही डाउनलोड करा.

आणि गॅजेटवाल्यांनो, शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून बंद आहेत. कारण साधं आहे: कोरड्या मुलखात मोजकी तळी, आणि एकेका तळ्यावर डझनांनी कॅमेरे लागायला लागले होते. बंदी मला पटते. प्राण्याला पळायची संधी असायलाच हवी.

शरीर आणि इतर भानगडी

पाणी: दिवसाला माणशी चार ते सहा लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, हेही ओझ्यात धरा. टँकचं पाणी गाळून आणि शुद्ध करूनच प्या.

वॉश, म्हणजे कोरडे ओढे, कॅम्पसाठी सपाट आणि मोहक दिसतात. तिथे तंबू टाकू नका. पाऊस वीस किलोमीटरवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी चिकटतो. खिशात एक कंगवा ठेवा, त्यानेच तो उपटून निघतो. रॅटलस्नेक सप्टेंबरमध्ये जागे असतात, खडकामागे हात घालण्याआधी बघा. भगव्या जॅकेटची इथे सक्ती नाही, तरी मी घालतो. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

घरी एका माणसाला कॅम्पचं लोकेशन आणि परत यायची वेळ लिहून द्या. सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम.

गोळी न झाडायचा निर्णय

मला नोव्हेंबरमधला काउ टॅग लागला, त्यातल्या चौथ्या संध्याकाळची गोष्ट. पाच वाजत आले होते, सूर्यास्त साडेपाचच्या आत. कॅन्यनच्या पलीकडच्या उतारावर सात काउ चरत होत्या, ३८० मीटरवर, वारा आडवा. माझी मर्यादा २५० मीटर. ती मी उन्हाळ्यात रेंजवर ठरवली होती, बसून आणि धापा टाकत असताना गोळ्या झाडून. एकदा ठरवली की डोंगरात ती वाढवायची नाही.

नुसत्या अंतराचा प्रश्न नव्हता. गोळी थोडी मागे लागली असती तर ती खाली कॅन्यनमध्ये उतरली असती, अंधार पडला असता आणि मधल्या कड्यांवरून रात्री माग काढणं आम्हा दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. मी तिला दुर्बिणीतून अंधार होईपर्यंत बघितलं. दुसऱ्या दिवशी कळप तिथे नव्हता, हंगाम संपला, टॅग रिकामा राहिला. साठवलेले पॉइंटही गेले, कारण टॅग लागला की ते जातात, कोर्सचा पॉइंट मात्र राहतो.

वाईट वाटलं का? हो, बरंच. पण आधी आखलेल्या दोन रेषा अशा वेळेसाठीच असतात. समोर जनावर असतं तेव्हा हृदय इतकं धडधडतं की हिशोब सुचत नाही. तो हिशोब फेब्रुवारीत, टेबलावर बसून केलेला असावा लागतो.

तुमचे दोन प्रश्न

*‘मी एच-वन-बीवर आहे, जमेल का?’* तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. पण पॉडकास्ट ऐकून कोणी बंदुकीला हात लावू नका. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. तोवर माझ्यासारखं हमाल म्हणून जा, त्याला टॅग लागत नाही.

*‘चव कशी असते?’* चरबी अगदी कमी, उग्रपणा नाही. जास्त शिजवलं तर चामट होतं. पाठीचे तुकडे तव्यावर झटपट करायचे. मांडीचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन-अडीच तास. मित्राच्या बुलमधला माझ्या वाट्याचा भाग आम्ही इथल्या चार मराठी घरांत वाटला. एका काकूंनी त्याचा तांबडा रस्सा केला आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवली.

पुढच्या भागात नकाशातल्या कंटूर रेषा कशा वाचायच्या ते बघू. ते सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, आणि ‘हरणं कसली मारतोस’ वाल्यांनी तर नक्की पाठवा. भेटूच!